पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर युद्धाचे गेम ऑनलाइन खेळायचेत? डिस्क सगळ्यात शेवटी घ्या

प्रश्न ठरलेला असतो. "डिस्क आणली, गेम चालतोय, कॅम्पेन (एकट्याने खेळायची कथा) मस्त, पण मल्टिप्लेअर उघडलं की सर्व्हर सापडत नाही म्हणतो. नेट खराब आहे का?" बहुतेक वेळा नेट चांगलं असतं. चुकलेला असतो तो क्रम. माणूस आधी डिस्क घेतो, मग कन्सोल जोडतो, मग अकाउंट शोधतो आणि सर्व्हर चालू आहे की नाही हे सगळ्यात शेवटी बघतो. मीही एकदा हेच केलं. बॅटलफील्ड ४ ची पीएस३ डिस्क 'ऑनलाइन एकदम ओके' या शब्दावर विकत घेतली आणि घरी येऊन कळलं की सर्व्हर कधीच बंद झालेत. दुकानदाराला बोलून उपयोग नव्हता, डिस्क खरंच ओके होती.

म्हणून इथे क्रम उलटा आहे. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. मधली एखादी गाळलीत तर पुढे अडकल्यावर नेमकं कुठे अडकलोय ते कळणार नाही.

पायरी १: सर्व्हर जिवंत आहे का ते बघा

ऑनलाइन गेम दोन पद्धतीने चालतात. बॅटलफील्डसारख्या गेममध्ये मॅच कंपनीच्या किंवा भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चालते. सर्व्हर काढले की संपलं, तुमच्याकडची डिस्क कितीही नवी असो. या पिढीच्या कॉल ऑफ ड्यूटीत मात्र बहुतेक वेळा मॅच खेळाडूंपैकीच एकाच्या कन्सोलवर चालते. त्याला होस्ट म्हणतात. कंपनीला फक्त खेळाडूंची जुळवाजुळव आणि आकडेवारी सांभाळायची असते. त्यामुळे इतक्या वर्षांनीही त्या लॉबी (मॅचआधी खेळाडू जमतात ती जागा) तग धरून आहेत. २०२३ च्या जुलैमध्ये एक्सबॉक्स ३६० वरची जुळवाजुळव दुरुस्त झाली, तेव्हा जुन्या कॉल ऑफ ड्यूटीत खेळाडूंची झुंबड उडाली होती.

पुढचे गेम ऑनलाइनसाठी घेऊ नका:

- बॅटलफील्ड ३, बॅटलफील्ड ४, बॅटलफील्ड हार्डलाइन (पीएस३ आणि ३६०): ७ नोव्हेंबर २०२४ पासून बंद
- बॅटलफील्ड बॅड कंपनी, बॅड कंपनी २, बॅटलफील्ड १९४३: ८ डिसेंबर २०२३ पासून बंद
- किलझोन २ आणि ३: २९ मार्च २०१८ पासून बंद
- मॅग, सोकॉम ४, सोकॉम कॉन्फ्रंटेशन: २८ जानेवारी २०१४ पासून बंद
- रेझिस्टन्स मालिकेचे पीएस३ वरचे तिन्ही भाग: २०१४ पासून बंद

यातल्या मॅगची डिस्क तर अगदीच कुचकामी आहे. एका मॅचमध्ये २५६ खेळाडू हीच त्याची ख्याती होती, त्यात कॅम्पेन नव्हतंच. कुणी पन्नास रुपयांना दिली तरी कपाटात ठेवण्यापलीकडे उपयोग नाही.

याहून जुनं यंत्र असेल तर उत्तर लवकर मिळतं. पहिल्या एक्सबॉक्सची अधिकृत ऑनलाइन सेवा एप्रिल २०१० मध्ये, निन्टेन्डो वीची मे २०१४ मध्ये आणि वी यूची ८ एप्रिल २०२४ ला बंद झाली. वी यूवरचा ब्लॅक ऑप्स २ आता घरातल्या घरातच खेळायचा.

तपासा: कंपनीच्या मदत पानावर गेमच्या नावासोबत तुमच्या कन्सोलचं नाव आहे का ते पाहा. 'बॅटलफील्ड ४ चे सर्व्हर चालू आहेत' हे वाक्य पीएस४, एक्सबॉक्स वन आणि पीसीसाठी लिहिलेलं असू शकतं.

पायरी २: नाव एक, गेम दोन. आवृत्ती ओळखा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

मॉडर्न वॉरफेअर २ म्हणून दोन वेगळे गेम आहेत, एक २००९ चा आणि एक २०२२ चा. मॉडर्न वॉरफेअर ३ चंही तसंच, २०११ आणि २०२३. २०२२ आणि २०२३ चे गेम पीएस३ किंवा ३६० वर कधी आलेच नाहीत. फोनवर 'एमडब्ल्यू टू आहे का' असं विचारू नका. वर्ष सांगा, कन्सोल सांगा आणि कव्हरचा फोटो मागवा.

ब्लॅक ऑप्स ३ हा या पिढीवरचा शेवटचा कॉल ऑफ ड्यूटी. २०१५ मध्ये तो पीएस३ आणि ३६० वर आला, पण कॅम्पेन वगळून. पुतण्याला वाढदिवसाला देणार असाल तर आधीच सांगून टाका, नाहीतर पेटी उघडल्यावर चेहरा पडेल.

आता डिस्क कुठल्या यंत्रात चालते ते बघू. पीएस३ ची डिस्क पीएस४ किंवा पीएस५ मध्ये चालत नाही. 'अपडेट केलं की चालते' असं कुणी म्हणालं तर हसून पुढे चला. काही देशांत सोनीची सगळ्यात महागडी वर्गणी घेतली की पीएस३ चे निवडक गेम इंटरनेटवरून खेळता येतात. भारतात मात्र त्या प्रीमियम वर्गणीऐवजी डिलक्स मिळते, आणि तिच्यात ही सोय नाही.

एक्सबॉक्सवाल्यांची परिस्थिती बरीच बरी आहे. कॉल ऑफ ड्यूटी २ पासून ब्लॅक ऑप्स २ पर्यंतचे ३६० वरचे मुख्य भाग एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्सवर चालतात. डिस्क घातली की ती नुसती किल्ली म्हणून काम करते आणि पूर्ण गेम नेटवरून उतरतो. ३६० वर बसलेला खेळाडू आणि सिरीज एक्सवर बसलेला खेळाडू एकाच लॉबीत भेटतात. सिरीज एसला डिस्कची खाचच नाही, तिथे गेम एक्सबॉक्सच्या ऑनलाइन दुकानातून डिजिटलच घ्यावा लागतो.

पण बॅटलफील्ड ३ बाबत सांभाळा. तो एक्सबॉक्स वनवर सुरू होतो, मात्र आतून ती ३६० चीच आवृत्ती आहे. सर्व्हरही तेच, आणि ते बंद. उलट बॅटलफील्ड ४ ची एक्सबॉक्स वन किंवा पीएस४ साठीची वेगळी डिस्क मिळते. ३६० आणि पीएस३ चे सर्व्हर काढले तेव्हा तिचे सर्व्हर चालू ठेवले गेले.

इशारा: पीएस३ आणि ३६० एकमेकांशी खेळत नाहीत. पुण्यातला भाऊ पीएस३ वर आणि न्यू जर्सीतली बहीण ३६० वर असेल तर दोघांपैकी एकाला कन्सोल बदलावा लागेल. कन्सोल घेण्याआधीच हे ठरवा.

पायरी ३: सेकंड-हँड कन्सोल दुकानातच तपासा

लॅमिंग्टन रोड असो, तपकीर गल्ली असो की ओळखीच्या कुणाचा माळा, विचारायचा पहिला प्रश्न एकच: "याला काही केलंय का?" आपल्याकडे जुने कन्सोल मोठ्या संख्येने क्रॅक केलेले (चोरीचे गेम चालावेत म्हणून आतून बदललेले) असतात. हार्ड डिस्कमध्ये साठ गेम भरून मिळतात म्हणून ते आकर्षक वाटतात, पण ऑनलाइनच्या दृष्टीने तो कन्सोल धोक्याचा. बंदी अकाउंटवर येते तशी कन्सोलवरही येते. कन्सोलवर आली की नवं अकाउंट काढूनही सुटका नाही. मागच्या मालकाने केलेल्या उद्योगाची शिक्षा तुम्ही भोगता.

म्हणून फोनचा हॉटस्पॉट सुरू करा, कन्सोल जोडा आणि स्वतःच्या अकाउंटने साइन इन करून बघा. ३६० ला आतलं वायफाय नसेल तर फोनऐवजी दुकानातली नेटची केबल लागेल. विकणारा 'इथे नेट नाही हो' म्हणाला तर घाई करू नका.

अमेरिकेहून कुणी ३६० आणून दिला असेल तर भिंतीत खोचण्याआधी विटेएवढ्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. अमेरिकेतला अडॅप्टर ११० व्होल्टच्या आसपासच्या विजेसाठी असतो, तो आपल्या २३० व्होल्टवर जळतो. पीएस३ चा वीजपुरवठा आतच असतो. त्याच्याही मागचं लेबल वाचा, '१००–२४०' असं असेल तर निर्धास्त राहा.

तपासा: सेटिंग्जमध्ये तारीख आणि वेळ बरोबर आहे का? पीएस३ मध्ये सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की प्लग काढताच घड्याळ मागे जातं आणि साइन इन करताना विनाकारण अडथळे येतात. तात्पुरता उपाय म्हणजे वेळ इंटरनेटवरून लावून घेणे. कायमचा म्हणजे बॅटरी बदलणे.

पायरी ४: अकाउंट आणि वर्गणी

पीएस३ वर ऑनलाइन खेळायला पैसे लागत नाहीत. ३६० वर लागतात. ही वर्गणी पूर्वी गोल्ड नावाने होती, सप्टेंबर २०२३ मध्ये ती गेम पास कोअर झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून गेम पास इसेन्शियल. जुन्या व्हिडिओत 'गोल्ड घ्या' म्हटलेलं दिसलं तर हीच वर्गणी समजा. ३६० वरचं दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं, तेव्हा वर्गणी वेबवरून किंवा नव्या एक्सबॉक्सवरून घ्या. आधी विकत घेतलेलं सामान मात्र ३६० वर अजून पुन्हा उतरवता येतं.

पीएस३ च्या दुकानात थेट कार्ड चालत नाही. तिथे काही घ्यायचं तर आधी वॉलेटमध्ये पैसे भरून ठेवावे लागतात.

आता सगळ्यांना छळणारी गोष्ट. पासवर्ड बरोबर आहे, फोनवर साइन इन होतं आणि कन्सोल मात्र 'चुकीचा पासवर्ड' म्हणतो. कारण तुम्ही दोन टप्प्यांची पडताळणी चालू ठेवली आहे आणि या जुन्या यंत्रांना ओटीपी विचारताच येत नाही. पीएस३ साठी सोनीच्या अकाउंट पानावरून 'डिव्हाइस सेटअप पासवर्ड' तयार करा. ३६० साठी मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा पानावरून 'ॲप पासवर्ड' घ्या. नेहमीच्या पासवर्डच्या जागी तो टाका. पडताळणी बंद करून टाकू नका. दहा मिनिटं वाचवायच्या नादात अकाउंट जाईल.

पायरी ५: नेटवर्क

इथे वेळ द्या. होस्टवर चालणाऱ्या गेममध्ये तुमचा कन्सोल इतर खेळाडूंच्या कन्सोलशी थेट बोलतो. वाटेत राउटर आडवा आला की लॉबी भरत नाही, मित्र दिसतो पण जोडला जात नाही, आवाज येत नाही. शंभर एमबीपीएसचं कनेक्शन असलं तरी फरक पडत नाही, कारण या गेमना वेग फार लागत नाही. त्यांना रस्ता मोकळा लागतो.

पहिलं काम, केबल लावा. पीएस३ चं वायफाय फार जुनं आहे, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर आणि जुन्या बी-जी मानकांवर चालणारं. ३६० च्या पहिल्या मॉडेलांत तर वायफायच नाही, ते २०१० च्या स्लिम मॉडेलपासून आत आलं. केबल शक्यच नसेल तर राउटरमध्ये २.४ चं नेटवर्क वेगळ्या नावाने काढा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा. फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलेल्या नव्या राउटरला हे कन्सोल जोडले जात नाहीत, आणि लोक तासभर पासवर्ड तपासत बसतात.

दुसरं, नॅटचा, म्हणजे राउटर बाहेरच्या जोडण्यांना किती मोकळीक देतो त्याचा, प्रकार बघा. पीएस३ वर सेटिंग्ज, नेटवर्क सेटिंग्ज, इंटरनेट कनेक्शन टेस्ट. उत्तर १, २ किंवा ३ असं येतं. २ चांगला, ३ असेल तर काम करावं लागेल. ३६० वर सिस्टीम सेटिंग्जमधून एक्सबॉक्स लाइव्ह कनेक्शनची चाचणी घ्या. ओपन, मॉडरेट की स्ट्रिक्ट ते कळेल. ही चाचणी एमटीयूवर (नेटवरून एका वेळी जाणाऱ्या माहितीच्या पुडक्याचा कमाल आकार) अडली तर राउटरमधला एमटीयू १३६४ पेक्षा कमी नाही ना ते बघा.

प्रकार ३ किंवा स्ट्रिक्ट आला तर पुढच्या क्रमाने जा:

1. राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलला हवा तो रस्ता आपोआप उघडून देणारी सोय) चालू करा, राउटर आणि कन्सोल दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करा, चाचणी परत घ्या. बऱ्याच घरांत काम इथेच होतं.
2. नाही झालं तर कन्सोलला राउटरमधून कायमचा स्थानिक पत्ता नेमून द्या. पत्ता रोज बदलत राहिला तर पुढची पायरी दोन दिवसांत निकामी होते.
3. त्या पत्त्याकडे पोर्ट (राउटरमधले क्रमांक दिलेले रस्ते) वळवा. ३६० साठी ३०७४ (टीसीपी आणि यूडीपी) आणि यूडीपी ८८. पीएस३ साठी टीसीपी ५२२३, यूडीपी ३४७८, ३४७९, ३६५८. पीएस३ वर कॉल ऑफ ड्यूटी खेळणार असाल तर यूडीपी ३०७४ सुद्धा.
4. पुन्हा चाचणी.

इशारा: घरात दोन ३६० असतील तर ३०७४ एकाच वेळी दोघांकडे वळवता येत नाही. अशा घरात हाताने पोर्ट न वळवता यूपीएनपीवरच राहा.

एवढं करूनही काही हललं नाही तर दोष बहुधा तुमच्या घराबाहेर आहे. राउटरच्या स्थिती पानावर डब्ल्यूएएन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुमच्या सेवादाराने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. मोबाइल डेटावर तर हे सर्रास असतं. चाळीतल्या एकाच नळावर आठ बिऱ्हाडं, तशातला प्रकार. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरचा दरवाजा तुमच्या ताब्यात नाही. सेवादाराला फोन करून 'पब्लिक आयपी' किंवा 'स्टॅटिक आयपी' मागा. 'पोर्ट फॉरवर्डिंग होत नाही' अशी तक्रार केलीत तर समोरचा राउटर रीसेट करायला सांगेल आणि फोन ठेवेल.

डब्ल्यूएएन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर प्रकरण वेगळं. सेवादाराचा डबा आणि तुम्ही घेतलेला राउटर, दोघंही राउटरचं काम करतायत. एकाला ब्रिज किंवा ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. पत्ता १० ने सुरू होत असेल तर दोन्हींपैकी काहीही असू शकतं. घरात एकच डबा असेल तर सीजीनॅट समजा.

पायरी ६: पॅच उतरवा, मगच मॅच शोधा

डिस्कवर असते ती पहिल्या दिवसाची आवृत्ती. नंतरच्या दुरुस्त्या नेटवरून येतात, त्यांना पॅच म्हणतात. पीएस३ गेम सुरू करताना अपडेट विचारतो, तेव्हा 'नंतर' म्हणू नका. ३६० वर साइन इन असतानाच विचारणा होते आणि नाकारलीत तर लाइव्हमधून बाहेर काढलं जातं.

जागा कमी पडली म्हणून पीएस३ वरच्या गेम डेटा विभागातून काहीही उडवण्याआधी थांबा. पॅच तिथेच असतात. उलट ३६० वर पॅचच अर्धवट उतरला असेल तर स्टोरेजच्या पर्यायांतून सिस्टीम कॅशे साफ करा, मग गेम नव्याने पॅच मागेल. पीएस३ वारंवार अडखळत असेल तर सेफ मोडमधून डेटाबेस नव्याने बांधा. त्याने सेव्ह जात नाहीत. त्याच यादीतला 'रिस्टोअर पीएस३ सिस्टीम' पर्याय मात्र निवडू नका, तो सगळं पुसतो.

मॅप पॅक (मल्टिप्लेअरचे जादा नकाशे) घेणार असाल तर पीएस३ च्या डिस्कवरचा कोड वाचा. बीएलईएस म्हणजे युरोप गट (भारत यातच येतो), बीएलयूएस म्हणजे अमेरिका. गेम कुठल्याही पीएस३ वर चालतो, पण मॅप पॅक डिस्कच्याच गटातल्या दुकानाचा लागतो. मामाने शिकागोहून आणलेल्या डिस्कला भारतीय अकाउंटवरचा मॅप पॅक दिसत नाही, तो यामुळे. ३६० च्या काही डिस्क तर दुसऱ्या प्रदेशाच्या कन्सोलवर सुरूच होत नाहीत, त्यामुळे तिथेही कव्हरची मागची बाजू बघून घ्या. माझ्या मते मॅप पॅकचे पैसे आता वाचवावेत. इतक्या कमी लोकांत आणखी वाटण्या कशाला?

पायरी ७: पहिली मॅच, आणि ती कधी शोधायची

सगळं जमलं तरी संध्याकाळी सातला लॉबी रिकामी दिसेल. घाबरू नका, घड्याळ बघा. लंडनमध्ये रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात. न्यूयॉर्कचे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्या सकाळचे साडेसहा किंवा साडेसात. शनिवार-रविवारी चहाच्या कपासोबत खेळायला ही वेळ झकास आहे.

पहिल्यांदा 'टीम डेथमॅच' निवडा. नेमबाजांचे नखरेल मोड, हार्डकोअर वगैरेंत वाट बघून कंटाळाल. होस्ट अटलांटिकपलीकडे असेल तर लॅग येणारच. तुम्ही गोळी झाडता, ती त्याच्याकडे उशिरा पोचते आणि तोवर तुम्ही मेलेले असता. याला सेटिंग नाही. समोरासमोर धावण्यापेक्षा कोपरा धरून खेळा.

या लॉबींत फसवे खेळाडूही भरपूर आहेत. कुणी उडतंय, कुणाला भिंतीपलीकडचं दिसतंय, कुणी तुमची पातळी एका झटक्यात शेवटच्या टप्प्यावर नेतंय किंवा शून्यावर आणतंय. असं काही दिसताच मॅच संपायची वाट न बघता बाहेर पडा. फुकट मिळालेल्या पातळीचा मोह नको. अनोळखी माणसाचं 'लॉबीत ये, सगळं अनलॉक करतो' हे निमंत्रण नाकारा. थेट जोडणीमुळे इतरांना तुमचा आयपी पत्ता दिसू शकतो, म्हणून माइकवर भांडण वाढवण्यातही शहाणपण नाही. ओळखीचे चार-सहा जण असतील तर प्रायव्हेट मॅच उत्तम.

पायरी ८: नेट जमलंच नाही तर

बॅटलफील्ड ३ आणि ४ मध्ये एका टीव्हीवर दोघांनी खेळायची सोय नाही, बॅटलफील्ड ३ चा को-ऑपही (दोघांनी मिळून खेळायचा भाग) सर्व्हरसोबत गेला. उरतं फक्त कॅम्पेन. कॉल ऑफ ड्यूटीचं तसं नाही. मॉडर्न वॉरफेअर २ (२००९ चा) मधलं स्पेशल ऑप्स एका टीव्हीवर दोघांना खेळता येतं, मल्टिप्लेअर चौघांना. ब्लॅक ऑप्स २ मध्ये बॉट (यंत्रानेच चालवलेले खेळाडू) घेऊन घरातल्या घरात मॅच लावता येते, झोंबीसुद्धा चौघांत.

दोन कन्सोल जवळ असतील तर सिस्टीम लिंक वापरा. दोन्ही एकाच राउटरला केबलने जोडा, इंटरनेटची गरज नाही. गेमच्या मेनूत सिस्टीम लिंक निवडा, एकाने मॅच उघडायची, दुसऱ्याने यादीतून त्यात शिरायचं. प्रत्येक कन्सोलमध्ये स्वतंत्र डिस्क हवी आणि दोन्हींवर पॅचची आवृत्ती एकच हवी. एकावर पॅच आहे, दुसऱ्यावर नाही, म्हणून यादी रिकामी दिसते. तेव्हा केबल बदलत बसण्याआधी दोन्हींच्या मेनूतला आवृत्ती क्रमांक जुळवून बघा.